उसनं बोट

६ जानेवारी, सकाळी ११

आरोग्य केंद्रातल्या मधुमेह गटाची आज पहिली बैठक. आम्ही अकरा जण, खुर्च्या बारा. बाराव्या खुर्चीवर सिस्टरची पर्स. सिस्टर वयाने माझ्या मुलीएवढी, आवाज मात्र हेडमास्तरचा. प्रत्येकाला एक मशीन, एक वही, सुयांची डबी आणि पट्ट्या मिळाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, मशीन दाखवील तो आकडा वहीत लिहायचा. पट्टी दिवसाला एकच. दर मंगळवारी वही आणि मशीन दोन्ही घेऊन यायचं. मशीनमध्ये सगळे आकडे साठून राहतात, ते वहीशी ताडून बघितले जातील, असं सिस्टर म्हणाली. हे सांगताना ती माझ्याकडेच का बघत होती, कळलं नाही.

महत्त्वाचं पुढेच. ज्याचा आकडा सलग आठ आठवडे १३०च्या आत राहील, त्याला केंद्राचा 'सोबती' नेमणार. सोबत्याने घरोघरी जाऊन नव्या पेशंटना धीर द्यायचा, मशीन शिकवायचं. गळ्यात फोटोचं कार्ड, खांद्याला निळी बॅग. मी तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. मला लांबून येताना बघून दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. रिटायर झाल्यापासून मला बघून कोणी काही पुसत नाही.

सोबती मीच होणार. बाकीच्या दहांमध्ये आहे कोण?

उद्यापासून रोज पाऊण तास चालणे. चहा बिनसाखरेचा. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर.

७ जानेवारी, सकाळी ७

२१४. मशीन नवीन आहे, रुळायला वेळ लागेल.

८ जानेवारी

२२१. काल चाललो नाही म्हणून नव्हे. काल चालण्याचा विचार फार केला, त्याचं टेन्शन आलं. टेन्शनने साखर वाढते हे सिस्टरनेच सांगितलंय.

वरच्या फळीपर्यंत हात सहज पोचतो, हे आज लक्षात आलं.

११ जानेवारी, सकाळी ७.१५

काल २०८. बोटं ठणकताहेत. सिस्टर टोचते तेव्हा कळतही नाही, मी टोचतो तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं. म्हणजे ही कला सरावाची आहे. सोबती झाल्यावर मला दुसऱ्यांचीच बोटं टोचायची आहेत, तेव्हा सराव दुसऱ्याच्या बोटावर करणंच बरोबर. हिला विचारलं. ही म्हणाली, दूध उतू चाललंय, थांबा जरा. मग ओला हात पुसून पुढे केला.

११६.

काय देखणा आकडा! हिला मधुमेह नाही, त्यामुळे यात तिचं काही कर्तृत्व नाही म्हणा. पण आजची पट्टी वापरून झाली होती, आणि वहीत आजच्या तारखेपुढे काहीतरी यायला हवं होतं. लिहिलं.

१२ जानेवारी

शांतपणे विचार केला. खोटा आकडा मी या जन्मात लिहिणार नाही. मशीनने दाखवला तोच लिहिला आहे. वहीत रकाने तीन: तारीख, वेळ, आकडा. बोट कोणाचं, असा रकाना नाही. शिवाय घर एक, गॅस एक, जेवण एक. माझं शरीर शिस्तीला लागलं की माझाही आकडा असाच येणार. तोपर्यंत हिचा आकडा माझी जागा धरून ठेवील, रांगेत पिशवी ठेवून जातात तशी.

सराव दोन महिने चालेल असं हिला सांगितलंय. हो म्हणाली. आज ११८.

१३ जानेवारी, मंगळवार

सिस्टर वही बघून म्हणाली, काका, तीन दिवसांत एवढा फरक? मी म्हणालो, मनावर घेतलं. मशीन बघितलं, वही बघितली, सगळं जुळलं. टाळ्या झाल्या.

माझ्या शेजारी कोपऱ्यावरचा टेलर बसतो. त्याची वही सहज नजरेला पडली. १२०, १३०, १२५, १४०. शेवटी शून्य नाहीतर पाच! तीस वर्षांची नजर आहे माझी. उभा राहिलो आणि म्हणालो, यांचं मशीन दाखवा. मशीन कोरं. दिवसभर सुई हातात धरणारा माणूस, स्वतःच्या बोटात सुई टोचायला घाबरतो! टेलर रडकुंडीला आला. सिस्टर त्याला ओरडली नाही, उलट बाजूला घेऊन अर्धा तास बसली, बोटाच्या कडेला टोचलं तर दुखत नाही वगैरे. अशाने लोकांना शिस्त कशी लागायची?

२७ जानेवारी

११९, १२२, ११७, १२५, १२१. भिंतीवरच्या तक्त्यात माझी रेघ हिरवी. अकरा जणांत एकमेव. सिस्टरने मला गटात नुकत्याच आलेल्या बाईंना दोन शब्द सांगायला लावले. मी वीस मिनिटं बोललो. प्रामाणिकपणावर भर दिला.

चालणं सोमवारपासून.

३ फेब्रुवारी

१२८. आत आहे, पण काठावर. हिला विचारलं, काल रात्री काय खाल्लंस? ही म्हणाली, तुम्ही खाल्लं तेच. मी म्हणालो, मी भात दोनदा घेतला, तू एकदाच, मग १२८ कसा? ही उठून दूध बघायला गेली.

९ फेब्रुवारी

१३६. चार आठवड्यांची हिरवी रेघ, आणि आज हे. दिवसभर हिच्याशी बोललो नाही. दुपारी तिने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, तुझं तुला कळायला हवं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टर म्हणाली, एखाद दिवस होतं काका, घाबरू नका. मी घाबरलेलो नाही.

टेलरने पहिला खरा आकडा आणला. २८६. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोनशे शहाऐंशीला! सिस्टरच्या डोळ्यांत पाणी. या केंद्रात काय मोजतात तेच मला कळेनासं झालंय.

१६ फेब्रुवारी, सकाळी

१४९. काल रात्री ही चार वेळा उठली. पाणी पिते आणि उठते, उठते आणि पाणी पिते. उशाशी भरून ठेवलेली मोठी बाटली सकाळी रिकामी. माझी झोपमोड झाली. झोपमोडीने साखर वाढते, पण माझी वाढून काय फरक पडतो, लिहायचा हिचाच आकडा आहे.

वरचं वाक्य नीट जमलेलं नाही. उद्या खोडीन.

२२ फेब्रुवारी

१७१. मशीन बिघडलंय. नक्की. तराजू हलका दाखवायला लागला की आम्ही खात्याचं वजन ठेवून बघायचो. तसं केंद्रात मशीन तपासायला एक लाल पाण्याची बाटली असते, तिच्यावर किती आकडा यायला हवा ते छापलेलं असतं. परवा सिस्टरकडून चार जादा पट्ट्यांसकट मागून आणली होती. आज थेंब टाकून बघितला. छापला होता तोच आला. दुसरी पट्टी घेतली, पुन्हा तोच.

मशीन चोख. पट्ट्या चोख. उरली ही.

संध्याकाळी तिला समजावून सांगितलं, की माणसाने थोडी जबाबदारी घ्यायला हवी. ही बसल्या बसल्या पेंगत होती. हल्ली दुपारीही झोपते. घरात दोनच माणसं, काम ते किती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तक्त्यात माझी रेघ लाल. गटात कुजबुज. टेलरची २८६वरून २१० झाली आणि तो मला म्हणतो, साहेब, होईल तुमचं पण, धीर सोडू नका. मला धीर देतो!

सिस्टरने डॉक्टरांशी बोलून माझी गोळी वाढवली. सकाळी एक होती ती आता सकाळ-संध्याकाळ. गोळी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. दुसऱ्याच्या साखरेवर मी गोळी कशाला घेऊ?

१ मार्च, दुपार

रस्त्यात टेलर भेटला. ही त्याच्याकडे कपडे आत घ्यायला टाकून आली होती. तो म्हणाला, साहेब, वहिनींचं माप डिसेंबरमध्ये मीच घेतलं होतं, कमरेत अडीच इंच कमी झालंय, दंडातही. तब्येत बरी आहे ना त्यांची? मी म्हणालो, आमच्याकडे आता सगळं पथ्याचं असतं, त्याचा परिणाम. तो म्हणाला, पण तुमचं माप तर तेच दिसतंय.

टेलरशी बोलणं कमी करायला हवं.

आज १९२.

५ मार्च

२२०. बोट टोचायला हात धरला तर हात कोरडा लागला, हलका लागला. ही म्हणाली, पेपरातली अक्षरं पुसट दिसतात, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात जाऊ. आता माझा अख्खा आठवडा या रेकॉर्डमध्ये चाललाय.

हिला एवढंच म्हणालो की दोन महिने संपायला पाच दिवस राहिले, निदान शेवट तरी चांगला कर. ही हो म्हणाली. फार कसनुसं हो म्हणाली.

१० मार्च, मंगळवार, दुपारी १२

हे नीट लिहून ठेवतो.

बैठक संपल्यावर सिस्टरने मला थांबवून घेतलं. दार लोटलं. वही समोर ठेवली. म्हणाली, काका, गोळी वाढवूनसुद्धा आकडा असा चढतोय, मला हे बरं दिसत नाही. आता मी विचारते त्याला खरं उत्तर द्या. तहान फार लागते का? मी म्हणालो, नाही. रात्री किती वेळा उठता? एकदाही नाही. वजन उतरलंय? ते तिलाच दिसत होतं. दिवसा झोप येते, थकल्यासारखं होतं? नाही. धूसर दिसतं?

इथे मला हिचा पेपर आठवला. नाही, म्हणालो.

सिस्टर म्हणाली, यातलं काहीच नाही? कसं शक्य आहे? हा आकडा ज्या माणसाचा आहे, त्याला हे सगळं होत असणार.

मी म्हणालो, मला काही होत नाही. हे खरं होतं. संबंध दोन महिन्यांत मी सिस्टरला बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असावं. ती म्हणाली, उद्या रक्त द्यायला या, आणि या आठवड्यात काही वेगळं वाटलं तर थेट फोन करा, मंगळवारची वाट बघू नका. स्वतःचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला.

घरी आलो. ही सोफ्यावर झोपली होती. शेजारी रिकामी बाटली. मग ती बाटली भरून ठेवली.

११ मार्च

२६३. रक्त द्यायला गेलो नाही. आधी हिला सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे सुरुवातीपासून सांगायला हवं, आणि ही नुकतीच उठली होती, चहा घेत होती. चहा पिणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये. उद्या सकाळी.

१२ मार्च

२८८. सकाळी हिच्या बहिणीचा फोन, तासभर. नंतर ही दमली. उद्या.

मशीन आणि पट्ट्या अजून एकदा तपासल्या. चोख. चोख नसत्या तर बरं झालं असतं.

१३ मार्च

३१२. हिच्या अंगात कणकण आहे. हवा बदलते आहे, सगळ्यांनाच आहे. नवा विचार: मंगळवारी सरळ सिस्टरला सांगायचं, हिला सोबत घेऊन. म्हणजे दोनदा सांगायला नको, आणि जे होईल ते योग्य ठिकाणी, योग्य माणसासमोर होईल. चार दिवसांचा तर प्रश्न. दोन महिने निघाले, तिथे चार दिवस काय.

खरं म्हणजे मला भीती वाटते आहे. कार्डाची नाही. कार्ड गेलंच.

१४ मार्च

आज बोट टोचलं नाही. ही म्हणाली, आज सराव नाही का? मी म्हणालो, आज सुट्टी. ती हसली. ओठ कोरडे पडलेत तिचे.

१५ मार्च, रविवार, दुपारी ४

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. हाताला दुसरं काम नाही.

एक वाजता मी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून नळ वाहत असल्याचा आवाज. दोनदा हाक मारली, नळ बंद कर म्हणून. आत गेलो तर ही ओट्याखाली जमिनीवर बसलेली, पाठ कपाटाला टेकून. नळ वर चालूच. मी म्हणालो, अगं, काय झालं? तिने माझ्याकडे बघितलं आणि आईला हाक मारावी तशी मला हाक मारली. तिची आई जाऊन वीस वर्षं झाली.

पुठ्ठ्यावरचा नंबर लावला. सिस्टर म्हणाली, मशीन आहे ना जवळ, आधी साखर बघा त्यांची. पहिली सुई हातातून पडली. दुसऱ्या सुईला थेंब आला. मशीनने आकडा दाखवलाच नाही, नुसती दोन अक्षरं. सिस्टर म्हणाली, म्हणजे मशीनला मोजता येत नाही इतकी वर आहे. ॲम्ब्युलन्स पाठवते. काका, मला एवढं सांगा, त्यांची साखर याआधी कधी बघितली होती का? कधीपासून आहे हे डॉक्टरांना कळायला हवं.

मी म्हणालो, बघितली होती.

कधी?

मी वही उघडली आणि वाचायला लागलो. ११ जानेवारी, सात पंधरा, ११६. १२ जानेवारी, ११८. मी वाचत राहिलो. फेब्रुवारी झाला, मार्च झाला. शेवटी सिस्टर हळूच म्हणाली, काका, ही तर तुमची वही आहे ना? मी म्हणालो, वही माझी आहे.

ती म्हणाली, बास, वाचू नका आता. वही घेऊन या. आणि त्यांना एकटं सोडू नका, बोलत राहा त्यांच्याशी.

मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही.

१६ मार्च, सकाळी

सलाईन, इन्सुलिन, दोन्ही चालू. लघवीत इन्फेक्शन होतं, त्याने साखर एकदम उसळली म्हणाले. अजून अर्धा दिवस गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

त्यांनी वही चाळली. मी मान खाली घालून उभा. म्हणाल्या, इतका पद्धतशीर रेकॉर्ड आम्हाला कोणी आणून देत नाही. रोजच्या रोज, वेळेसकट. कधी सुरू झालं, कसं वाढलं, सगळं आहे. मग म्हणाल्या, मला एक कळत नाही. हे रोज लिहिणाऱ्या माणसाने वाचलं नव्हतं का?

टेलर डबा घेऊन आला होता. तो म्हणाला, साहेब, जेवून घ्या. डबा स्वतःच उघडून दिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१८ मार्च

हिने मला ओळखलं. नर्सने विचारलं, हे कोण? ही म्हणाली, आमचे निरीक्षक. नर्सला काही कळलं नाही. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन रडलो.

संध्याकाळी सिस्टर येऊन गेली. मी सगळं कबूल केलं, पहिल्या दिवसापासून. ओरडेल म्हणून तयारीत होतो. तिने मशीन काढलं आणि म्हणाली, आता तुमचं बोट द्या. २६७. तिने वहीत नवी रेघ मारली, वर माझं नाव लिहिलं आणि म्हणाली, मंगळवारी या. दोघंही.

२३ मार्च, सकाळी ७.३०

काल घरी आलो. इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात. टोचायला मी शिकलोय. ही म्हणाली, दोन महिने बघितलंय तुमचं टोचणं, द्या इकडे, आणि स्वतःच टोचून घेतलं.

माझं २४१. हिचं १५२.

नाश्त्यानंतर ही वही घेऊन बसली. सगळी पानं, एकेक. मी समोर उभा. म्हणालो, तुला फसवलं मी. सराव वगैरे काही नव्हतं. ही म्हणाली, अहो, ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं. वही टेबलावर उघडी टाकून तुम्ही अंघोळीला जाता.

मी म्हणालो, मग बोट कशाला देत राहिलीस?

ही म्हणाली, मंगळवारी तिथून येताना जिन्यात शीळ घालायचात. रिटायर झाल्यापासून ऐकली नव्हती. पुढे आकडा वाढायला लागला तशी मला धास्ती बसली, की तुमचं ते कार्ड माझ्यापायी जाईल. म्हणून रात्रीचं जेवण सोडलं होतं मी. मागून जेवते म्हणायचे ना, ते जेवत नव्हतेच. नंतर नंतर सकाळचा भातही सोडला. तरी मेला आकडा उतरेना. मला वाटायचं, मीच कुठेतरी चोरून खातेय आणि मला आठवत नाहीये.

एवढं बोलून तिने पुढचं पान उलटलं.

मी पेन घेतलं आणि त्या पानावर चौथा रकाना आखला: बोट कोणाचं.